मागची डावी सीट

सुभेदार धोंडीराम जगदाळे यांनी नवी गाडी घेतली आणि दिल्ली कँटोनमेंटमधल्या त्यांच्या क्वार्टरवर जणू एक बडा अधिकारी कायमचा मुक्कामाला आला. निदान त्यांच्या बायकोला, सुनंदाला, तरी तसंच वाटत होतं. घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दूध उतू गेलं, टीव्हीवर कुणी कुणाचा खून केला, तरी सुभेदारांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. पण खाली, कडुनिंबाच्या झाडापासून बेतानं लांब उभ्या केलेल्या त्या पांढऱ्या सेडानच्या आसपास एखाद्या पोराच्या बॉलचा टप्पा पडला, की ते हातातला चहा तसाच ठेवून बाल्कनीत धावत.

गाडी कँटीनमधून आली होती. फौजी माणसाला साबण, खोबरेल, रम आणि नशिबानं साथ दिली तर मोटारसुद्धा कँटीनमधूनच मिळते. कोणती घ्यायची यावर घरात चर्चा झाली, म्हणजे सुभेदार बोलले आणि बाकीच्यांनी ऐकलं. मुलगी कादंबरी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, म्हणून तिला वाटलं की आपल्याला यातलं थोडंफार कळतं. तिनं उंच, दणकट गाडी सुचवली. गावाकडच्या रस्त्यांना बरी पडेल म्हणाली. सुभेदारांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. उंच गाड्यांतून दिल्लीत प्रॉपर्टी डीलर फिरतात, साहेब लोक सेडानमध्ये बसतात, असं त्यांनी तिला समजावलं. आपल्या घरात साहेब कोण, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण सुनंदानं तिला डोळ्यांनीच दटावलं.

साहेब घरात नव्हता. साहेब नोएडात होता.

सुभेदार फौजेत भरती झाले ते ड्रायव्हर म्हणून. जिप्सी झाली, ट्रक झाले, पण नाव कमावलं ते साहेबांची गाडी चालवून. सहरावत साहेब तेव्हा कर्नल होते. पुढे ब्रिगेडियर होऊन रिटायर झाले आणि नोएडात फ्लॅट घेऊन राहिले. त्यांच्या गाडीचा धोंडीराम म्हणजे पलटणीत मोठं प्रस्थ. त्याच्या बोनेटमध्ये बघून दाढी करता येते असं लोक म्हणत, आणि एकदोघांनी म्हणे केलीही होती. नियम साधा होता. ड्रायव्हरनं समोर बघायचं, साहेबांनी मागे डाव्या बाजूला बसायचं, त्या सीटवर पांढराशुभ्र टॉवेल असायचा आणि साहेबांशिवाय त्या टॉवेलला कुणाचा स्पर्श होता कामा नये. ही शिस्त सुभेदारांच्या अंगात इतकी मुरली होती की स्वतःची गाडी घेतली तरी आपण तिचे मालक आहोत ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. ते तिचे ड्रायव्हर झाले.

गाडी दारात आली त्याच संध्याकाळी मागच्या डाव्या सीटवर, शोरूमच्या प्लास्टिकवरून, पांढरा टॉवेल अंथरला गेला. या सीटचं उद्घाटन सहरावत साहेब स्वतः बसून करतील, असं सुभेदारांनी जाहीर केलं. तोवर तिथे कुणी बसायचं नाही. प्लास्टिकही तोवर निघणार नाही. सुनंदाला हे नवं नव्हतं. लग्नात आलेला कपांचा सेट तिनंही पाहुण्यांसाठी म्हणून राखून ठेवला होता. पण त्या सेटच्या उद्घाटनाला निदान तिनं कुणा साहेबाला बोलावलं नव्हतं.

साहेबांना फोन गेला. साहेब खूश झाले. साहेब मनानं चांगलेच होते, आणि चांगल्या माणसांसारखे कुणालाही हो म्हणायचे. "हाँ हाँ धोंडी, ज़रूर बैठेंगे यार," असं ते म्हणाले आणि मुलाकडे कॅनडाला निघून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला तेव्हा गोल्फचा सीझन सुरू झाला. मधल्या काळात गाडीचं पहिलं सर्व्हिसिंगसुद्धा झालं, आणि मागची डावी सीट कुमारिकाच राहिली.

पण देखभालीत खंड नव्हता. काचेचं फडकं वेगळं, बॉडीचं वेगळं, डॅशबोर्डचं वेगळं. एकदा सुनंदानं घाईत काचेच्या फडक्यानं ओटा पुसला तर घरात कोर्ट मार्शल बसलं. गाडीच्या तिन्ही बाजूंनी अर्ध्या विटा तिरप्या पुरून त्यांना गेरू आणि चुना फासला गेला, कारण फौजेत जी वस्तू हलत नाही तिला रंग देतात, आणि गाडी हलत नव्हती. दिवाळीनंतर दिल्लीची हवा राखेसारखी झाली, शेजारीपाजारी छातीला बाम चोळू लागले, तेव्हा सुभेदारांना चिंता होती ती पेंटची. गाडीला एक कव्हर होतं, त्या कव्हरवर धूळ बसू नये म्हणून त्यावर एक जुनी चादर होती, आणि ती चादर सुनंदा दर आठवड्याला धुत असे. कादंबरी रोज पहाटे त्या चादरीशेजारून चालत जायची आणि मानेसरची कंपनीची बस पकडायची. गाड्यांचे भाग बनवायला बसनं जाणारी मुलगी आणि चादर पांघरून झोपलेली गाडी, यांची रोज गाठ पडे. बोलणं मात्र होत नसे.

गाडी कधी निघतच नव्हती असं म्हटलं तर सुभेदारांवर अन्याय होईल. एकदा ते सगळ्यांना कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्राच्या गेस्ट हाऊसमध्ये जेवायला घेऊन गेले होते. सुनंदा पुढे बसली, कादंबरी मागे उजवीकडे पर्स मांडीवर धरून, आणि डावीकडे टॉवेल. प्लास्टिकवर बसून घाम फुटला, पण एसी लावायचा नाही, नवी गाडी रुळेपर्यंत, म्हणजे रनिंग-इनमध्ये, इंजिनवर लोड नको. चपला एका पिशवीत. जेवण झाल्यावर हाताला झणझणीत रश्श्याचा वास राहिला, म्हणून सुभेदारांनी दोघींना गेटबाहेर हवेशीर उभं केलं. कादंबरी म्हणाली, "पप्पा, यार, ही गाडी आहे की ऑपरेशन थिएटर?" सुभेदारांना ही उपमा आवडली. पुढे त्यांनी ती एकदोन ठिकाणी वापरलीही.

सुनंदा हे सगळं सहन करत होती, आणि नुसतं सहनच नव्हे तर मजेनं शेजारणींना सांगतही होती. पोटातून राग यायला सुरुवात झाली ती तिच्या आईनं दिल्लीला यायचं ठरवलं तेव्हा.

सखुबाई, म्हणजे सुनंदाची आई, सातारा जिल्ह्यातल्या गावाबाहेर फारशी कधी गेलीच नव्हती. सुभेदार तेव्हा साधे नाईक होते, क्वार्टर मिळत नव्हतं, म्हणून सुनंदा लहानग्या कादंबरीला घेऊन बरीच वर्षं माहेरी राहिली. ते पोर आजीच्या कडेवरच वाढलं. एकदा कादंबरीच्या छातीत कफ भरला, पोर निळं पडायला लागलं, आणि एसटी गेलेली. सखुबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, उसाचा ट्रॅक्टर अडवला आणि मोळ्यांवर बसून, नातीला पदराखाली धरून तालुक्याच्या दवाखान्यात पोचली. उसाच्या पात्यांनी तिचे दोन्ही हात चिरले होते. त्याच सुमारास नाईक धोंडीराम साहेबांच्या मॅडमना क्लबमध्ये हौजी, म्हणजे तंबोला, खेळायला नेत होते, आणणं-नेणं वेळेवर होतं म्हणून त्यांना शाबासकीही मिळाली होती.

हे सुनंदा विसरली नव्हती. म्हणून तिच्या मनात एकच गोष्ट होती. आईला या गाडीत बसवायचं. मागे, डाव्या बाजूला, ऐसपैस, टॉवेलावर, आणि दिल्ली दाखवायची. दुसरं काही नको होतं तिला. सोनं नको, साडी नको, काश्मीरची ट्रिप नको.

तिनं तसं सांगितलंही. आईची गाडी अमुक दिवशी निजामुद्दीन स्टेशनला येतेय, आपण आणायला जाऊ, असं ती म्हणाली. सुभेदार विचारात पडले. निजामुद्दीनचं पार्किंग त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. तिथले रिक्षावाले, हमालांच्या ट्रॉल्या, उघडणारे दरवाजे. शिवाय सासूबाईंबरोबर सामान असणार, म्हणजे गुळाची ढेप, शेंगांचं पोतं, तुपाचा डबा. आणि डोक्याला खोबरेल तर असणारच. एवढं सगळं ते बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले की गावचा जो जवान सुट्टीवरून परत येतोय, त्याच्याच सोबतीनं आई येणार आहेत, तो ऑटो करून घेऊन येईलच, उगीच त्याला वाईट वाटायला नको. फौजेत याला अप्रिसिएशन ऑफ द सिच्युएशन, म्हणजे परिस्थितीचा आढावा, म्हणतात.

सखुबाई ऑटोनं आली. उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "नंदा, गाडी कुठाय जावईबापूंची?"

गावात त्या गाडीची बातमी कधीच पोचली होती. सखुबाई पाणीही न पिता खाली उभी राहिली, सुभेदारांनी चादर काढली, कव्हर काढलं, आणि तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, देवाला मारतात तशी. मग कनवटीची कुंकवाची डबी काढली. नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय कसं चालेल? तिचं बोट बोनेटजवळ गेलं मात्र, आणि सुभेदारांनी तिचा हात वरच्यावर धरला. आई, थांबा, म्हणाले. त्यांनी कव्हर परत घातलं, नीट ताणून बसवलं, आणि मग सांगितलं की आता लावा.

सखुबाईनं कव्हरला कुंकू लावलं. नमस्कारही केला. सुनंदा बाल्कनीतून बघत होती आणि तिला शरमेनं मेल्यासारखं झालं. आई मात्र वर येऊन म्हणाली की जावई लई जपणूक करतोय, माणूस असा पाहिजे.

चारसहा दिवस असेच गेले. मग जेवताना सुनंदानं विषय काढला. आता रविवार येतोय, आईला इंडिया गेट दाखवू, बिर्ला मंदिर दाखवू, गाडीनं जाऊ. आई मागे डावीकडे बसेल, तिकडून बाहेरचं नीट दिसतं. शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम सुभेदारांकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

सुभेदारांचा घास हातात राहिला. आनंदाची बातमी त्यांना या परिस्थितीत द्यायची नव्हती, पण आता इलाज नव्हता. साहेब येणार होते. पलटणीचा वाढदिवस जवळ आला होता, त्या दिवशी कँटोनमेंटमध्ये बडाखाना होता, म्हणजे साहेबांपासून जवानापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचा दिवस. सहरावत साहेबांनी आमंत्रण स्वीकारलं होतं आणि धोंडीरामनं नोएडाहून आणायला यावं, यालाही हो म्हटलं होतं. त्यासाठी गाडीला कालच नवं पॉलिश चढवलं होतं. आता बडाखान्यापर्यंत गाडी स्टँड-बाय होती. बाहेर काढायची नाही.

"पप्पा, आज्जी है वो," कादंबरी म्हणाली. "इन्स्पेक्शनला आलेली नाहीये."

"मी नाही कुठं म्हणतोय? बडाखान्यानंतर बसतील की. रोज बसतील."

बडाखाना कोणत्या दिवशी आहे, असं सुनंदानं विचारलं. त्यानंतरच्या ज्या रविवारी दुपारी सखुबाईची परतीची गाडी होती, तोच दिवस निघाला. सुनंदा बोलणार होती, पुष्कळ बोलणार होती, ऊस आणि हौजी दोन्ही तिच्या जिभेवर आले होते. पण तिच्याआधी सखुबाई बोलली.

"मला न्हाई बाई जमायचं त्या गाडीत बसायला. मला गाडी लागती. काचा बंद असल्या की पोटात ढवळतंय. उगं जावयाची नवी गाडी खराब व्हायची."

सुभेदारांच्या अंगावरचं ओझं उतरलं. आईंना गाडी लागते हे आधी का नाही सांगितलं, असं ते सुनंदाला म्हणाले, आणि भाकरी संपवली. त्यांना खरंच वाटलं ते. सुनंदानं हातातला घास ताटात ठेवला. वाकड्या घाटातून एसटीच्या मागच्या बाकावर बसून जेजुरीपर्यंत गाणी म्हणत जाणारी तिची आई. हिला कधी आयुष्यात गाडी लागली नव्हती. ती जावयाचं तोंड राखण्यासाठी, आणि लेकीच्या संसारात वाद नको म्हणून, सरळ खोटं बोलली होती. आणि ज्याच्यासाठी बोलली तो माणूस तिला वर हाजमोला देत होता.

मग सखुबाईनं दिल्ली पाहिली ती बसमधून आणि मेट्रोतून. सुनंदा तिला घेऊन फिरली. मेट्रोच्या सरकत्या जिन्याला तिनं हात जोडले. इंडिया गेटला बर्फाचा गोळा खाल्ला. तिला सगळंच आवडत होतं, आणि जे आवडत नव्हतं तेही ती आवडून घेत होती. बसमध्ये उभं राहावं लागलं तेव्हा म्हणाली की उभं राहिलं की लांबचं दिसतंय. सुनंदाला ते ऐकवेना. रोज घरी आल्यावर खाली ती चादर दिसायची, आणि सखुबाई जाता जाता कव्हरावरून, कुंकवाच्या जागेवरून, हात फिरवायची.

बडाखान्याचा रविवार उजाडला. सुभेदार पहाटेच उठले. त्यांनी आंघोळ केली, नंतर गाडीची आंघोळ केली. मग तो क्षण आला. त्यांनी सीटवरचं प्लास्टिक फाडलं. पाचही सीटचं फाडलं, कारण साहेबांनी इकडेतिकडे नजर टाकली तर? आतलं कापड पहिल्यांदा उजेडात आलं. नवा टॉवेल अंथरला गेला, इस्त्रीच्या घड्या मोडू न देता. टायरना काळं पॉलिश, बूट चमकवतात तसं. सुभेदारांनी ब्लेझर घातला, पलटणीचा टाय बांधला, मिशीला हात लावून पाहिला. ते देखणे दिसत होते, हे सुनंदाला कबूल करावं लागलं. लग्नातसुद्धा ते इतके टवटवीत दिसले नव्हते.

वर सखुबाईची पिशवी भरली जात होती. सुट्टीवर निघालेला एक जवान स्टेशनवर भेटणार होता, तिकीट त्याच्याकडे होतं. सुनंदानं ऑटो बोलावली होती. कादंबरीची रविवारी ड्यूटी होती; ती आज्जीच्या गळ्यात पडून पहाटेच बसला गेली होती.

सुभेदार किल्ली घेऊन निघणार, तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा नंबर बघून ते बाल्कनीतच सावधानमध्ये उभे राहिले. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरजही नव्हती.

"जी साहब... जी... नहीं साहब, तकलीफ़ कैसी... राइट साहब. बिल्कुल. वहीं मिलते हैं साहब।"

फोन बंद झाला तरी ते थोडा वेळ तसेच उभे होते. मग हळूहळू हात खाली आला. साहेबांच्या पुतण्यानं मोठी गाडी घेतली होती, उंच, ड्रायव्हरसकट. तो साहेबांना सोडणार होता. धोंडीनं एवढ्या लांब नोएडाला यायची तसदी घेऊ नये, असं साहेबांनी अगदी प्रेमानं सांगितलं होतं. सीटबद्दल, टॉवेलबद्दल, उद्घाटनाबद्दल त्यांना काही आठवत नव्हतं. आणि का आठवावं? त्यांच्या लेखी ती एका जुन्या ड्रायव्हरची गाडी होती.

सुनंदाला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. घे, म्हणाली ती मनात. मग तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला. मिशी तशीच ताठ होती, पण तिच्याखालचा माणूस एकदम म्हातारा झाला होता. तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. ती गेली नाही.

खाली ऑटो येऊन उभी राहिली. सुनंदा आईला घेऊन पिशवीसकट खाली उतरली. मागोमाग सुभेदारही उतरले. गाडी उन्हात झगमगत उभी होती, चुन्याच्या विटांमध्ये, जायला कुठेच नसलेली. सुभेदारांनी ऑटोकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि मग जे करायला त्यांना इतके दिवस जमलं नव्हतं ते त्यांनी केलं. पुढे होऊन मागचा डावा दरवाजा उघडून धरला.

"आई, चला. मी सोडतो स्टेशनवर. गाडी मोकळीच आहे."

सखुबाईनं लेकीकडे पाहिलं नाही. ती सरळ गाडीकडे गेली. दाराशी थांबून तिनं चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या, पदर सावरला, आणि वाकून आत बघितलं. गाडी लागते वगैरे ती साफ विसरली होती. तिचा हात दरवाजाच्या कडेवर होता.

"आई, चपला घाल," सुनंदा म्हणाली.

सखुबाई वळली.

"अगं, सीट रिकामी आहे," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज विनवणीचा होता, आणि त्यांच्या तोंडी तो आवाज सुनंदानं कधी ऐकला नव्हता.

"माहितीय. साहेब येणार नाहीत म्हणून रिकामी आहे. साहेबांची उरलेली जागा माझ्या आईला नको. चपला घाल, आई. ऑटो थांबलीय."

इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्या दोन वाक्यांत बाहेर पडलं होतं, आणि ती दोन्ही खरी होती. सुभेदार उघडा दरवाजा धरून तसेच उभे राहिले, ब्लेझर आणि टायमध्ये. सखुबाईनं पायानं चाचपडत चपला घातल्या. सुनंदानं तिचा दंड धरून तिला ऑटोत बसवलं, पिशवी पायाशी ठेवली, आणि ऑटो निघाली. सुनंदाचा ऊर भरून आला. आज पहिल्यांदा आईची बाजू घेऊन ती ताठ उभी राहिली होती. आईचा मान राखला होता.

ऑटो कँटोनमेंटच्या गेटबाहेर पडली. धौला कुआँच्या गर्दीत ती अडकली. शेजारून गाड्या सरकत होत्या, पांढऱ्या, करड्या, सगळ्यांच्या काचा बंद. सखुबाई त्यांच्यात वाकून वाकून बघत होती.

"बसले असते की गं मी," ती म्हणाली.

सुनंदाला कळलंच नाही आधी.

"मला कुठलं आलंय पहिलं न् उरलेलं. दार उघडून धरलं हुतं त्यानं. स्वतःच्या हातानं. बसले असते की."

"आई, त्यांनी साहेबांसाठी—"

"आसंल. साहेब न्हाई आला, म्हंजी मी आले. काय बिघडलं?" सखुबाईच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुनंदाला सोपं गेलं असतं. "आता मी काय परत येतीय व्हय दिल्लीला? गुडघं बोलाय लागल्यात."

सुनंदा पुढे वाकली. ऑटोवाल्याला परत वळवायला सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि स्टेशनवर तिकीट घेऊन उभा असलेला जवान. ती परत मागे टेकली. नवऱ्यानं आईला गाडीत बसू दिलं नव्हतं ते साहेबापायी. तिनं बसू दिलं नाही ते कुणापायी, हा प्रश्न तिच्या मनात आला, आणि उत्तर माहीत असल्यामुळे तिनं तो तिथेच सोडून दिला.

लेकीचा चेहरा बघून सखुबाईलाच वाईट वाटलं. तिनं सुनंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे. गावात सांगीन मी, बसले हुते म्हणून. कोण बघाय येतंय?" मग ती सरसावून बसली. "पर नीट सांगून ठेव मला. मागं बसल्यावर आतनं कसं दिसतंय? गादी कशी हाय, मऊ हाय का? बायका खोदून खोदून इचारतील. सांगता आलं पायजे."

सुनंदा सांगायला लागली आणि थांबली. तिला काही सांगता येईना. त्या सीटवर ती तरी कुठे बसली होती.